कविता संपली, आणि कुणीच काही बोललं नाही

या सदराकडे आलेलं पत्र थोडक्यात असं आहे. पत्रलेखिका चाळिशी ओलांडलेल्या आहेत. नऊ वर्षं वहीत कविता लिहितात, घरात कुणाला फारसं ठाऊक नाही. गेल्या महिन्यात धीर एकवटून त्यांनी एका ऑनलाइन ओपन माइकला, म्हणजे कुणीही नाव देऊन कविता वाचावी अशा कार्यक्रमाला, नाव दिलं. यादीत चौदा कवी, यांचा नंबर नववा. कविता होती आईवडिलांचं घर विकल्यावर हातात उरलेल्या किल्लीवर. शेवटची ओळ: ‘किल्ली आहे अजून माझ्याकडे, बदललंय फक्त कुलूप.’ वाचून झाल्यावर चार-पाच सेकंद कुणीच काही बोललं नाही. मग सूत्रसंचालक ‘छान, धन्यवाद, आता पुढचे कवी’ म्हणून मोकळा झाला. चॅटमध्ये दोन बदाम उमटले. पुढच्या तरुणाने ऑफिसातल्या मीटिंगांवर विनोदी कविता वाचली आणि चॅट हसण्याच्या चिन्हांनी ओसंडून वाहिलं. त्यांनी तेवढी एक ऐकली आणि लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी आयोजकांनी रेकॉर्डिंग सर्वांसाठी खुलं केलं. ते त्यांनी तीनदा पाहिलं. त्या विचारतात: ‘कविता वाईट होती म्हणून सगळे गप्प बसले का? सुरुवातीला सव्वीस जण होते, माझी पाळी आली तेव्हा एकोणीस उरले होते. पुन्हा नाव द्यावं, की वही वहीतच बरी?’ शेवटी ताजा कलम: घर विकण्यावरून भावाशी बिनसलं, दोन वर्षं बोलणं नाही. कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनी त्याला नुसती लिंक पाठवली होती, सोबत एक शब्दही न लिहिता. कार्यक्रमात ‘आयफोन’ एवढंच नाव असलेली एक काळी चौकट होती. ती यांची कविता संपेपर्यंत होती, नंतर दिसली नाही.

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्यासारखीच त्या चार-पाच सेकंदांत अडकले. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले आणि जिथे तुम्ही एखादी गोष्ट घाईघाईने सांगून पुढे सटकला आहात तिथे खुणा केल्या. माणसं ज्यावर पानभर लिहितात त्यापेक्षा जे एका ओळीत उरकतात तिथे मला जास्त सापडतं, हा या सदराचा जुना अनुभव.

आधी शांतता, कारण पत्राचं दीड पान तिनेच खाल्लं आहे.

एकाने प्रश्न विचारला की दुसऱ्याचं उत्तर सुरू व्हायला किती वेळ लागतो? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगातल्या दहा भाषांमधली संभाषणं तपासली होती. सरासरी अंतर निघालं सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. आपले कान जन्मभर या अंतरावर पोसलेले आहेत. उत्तराला एक सेकंद लागला तरी काहीतरी चुकलं असं वाटतं; चार सेकंद म्हणजे समोरचा दुखावलाच. तुमच्या पोटात खड्डा पडला तो इथे. पण तुम्ही कुणाला प्रश्न विचारला नव्हता. कविता वाचली होती, आणि कवितेनंतरच्या चार सेकंदांना संभाषणाची पट्टी लावून चालत नाही.

सभागृहातही कवितेनंतर कुणी लगेच बोलत नाही. फरक असा की तिथली शांतता भरलेली असते. खुर्ची करकरते, कुणीतरी श्वास सोडतो, मागून पुटपुटल्यासारखं ‘वा’ येतं, पुढच्या रांगेतली बाई चष्मा काढून पुसते. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांच्या एकत्र काव्यवाचनाला सभागृहं भरायची. त्यांनाही अशा शांतता मिळाल्याच असतील, पण त्या शांततेत बसलेली माणसं त्यांना दिसत होती. तुमच्या पडद्यावर एकोणीस चौकटी होत्या, त्यातल्या बऱ्याच काळ्या, आणि सगळ्यांचे माइक बंद. ती शांतता तीच होती. तिच्यातला आवाज तेवढा काढून घेतलेला होता.

आता त्या चार सेकंदांत पलीकडे काय चाललं होतं ते बघू. तुमचा आवाज पलीकडे पोचायलाच थोडा उशीर होतो. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालण्याजोगा मानला आहे. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. त्या हिशेबाने १५० मिलिसेकंद म्हणजे ऐकणारा तुमच्यापासून पन्नास मीटरवर बसलेला आहे. आणि पन्नास मीटरवरच्या माणसांना तुम्ही, तुमच्याच शब्दांत, ‘अगदी हळू, स्वतःशी बोलल्यासारखी’ किल्लीची कविता वाचून दाखवत होतात. तर त्या पन्नास मीटरवरच्या माणसाला आधी कळायला हवं की कविता संपली. मग त्याने माइकचं बटण शोधायचं. मग ‘सगळ्यात आधी मीच बोलू का’ असा संकोच. तो संकोच ओलांडेपर्यंत सूत्रसंचालकाचा आवाज सुरू झालेला असतो.

त्या बिचाऱ्यावर फार रागावू नका. शांततेला तुमच्यापेक्षा तोच जास्त भीत असतो. चौदा कवी, प्रत्येकी तीन मिनिटं धरली तर ४२ मिनिटं नुसती कवितांची होतात, आणि मोफत खात्यावर झूमची बैठक ४० मिनिटांत आपोआप बंद पडते. त्याचं खातं कुठलं होतं मला ठाऊक नाही. पण असे कार्यक्रम चालवणाऱ्याचा एक डोळा कायम घड्याळावर असतो, हे मी पाहिलेलं आहे.

या उशिराची आणखी एक गंमत आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात असं दिसलं की बोलण्यात उशीर तांत्रिक कारणाने झाला तरी माणसं त्याचं खापर समोरच्याच्या स्वभावावर फोडतात. सव्वा सेकंदाचाही उशीर नाही, आणि समोरचा माणूस लक्ष देत नाहीये असं वाटू लागतं. तारेतला दोष आपण माणसाच्या नावावर मांडतो. तुम्ही तेच केलंत, फक्त एकदम एकोणीस माणसांच्या बाबतीत. आणि मग त्या सगळ्यांच्या वतीने स्वतःलाच नापास केलंत.

टाळ्यांचंही सांगते. समजा दोघातिघांनी माइक उघडून टाळ्या वाजवल्याच असत्या. व्हिडिओ कॉलच्या सॉफ्टवेअरमध्ये गोंगाट गाळण्याची सोय असते. माणसाचा बोलका आवाज ठेवायचा आणि पंखा, टकटक, खडखड, कुत्र्याचं भुंकणं बाहेर काढायचं, हे तिचं काम. टाळी तिच्या लेखी खडखडच. म्हणजे ज्या आवाजाची तुम्ही वाट बघत होतात, तो आला असता तरी दारातच अडवला गेला असता.

इथे माझी पेन्सिलीची पहिली खूण येते. तुम्ही ओझरतं लिहिलंय: ‘रेकॉर्डिंगमध्ये तर माझा शेवटचा शब्दही नीट ऐकू येत नाही, घसाच बसला असावा.’ मला नाही वाटत घसा बसला. ती गाळणी फक्त टाळ्याच खाते असं नाही. आवाज फार हळू झाला, कुजबुजीसारखा, नुसत्या श्वासाचा झाला, की तोही तिला गोंगाटच वाटतो आणि ती कात्री लावते. कवितेची शेवटची ओळ बहुतेक जण खाली उतरत, हळू होत वाचतात. हळू झालेला शेवट म्हणजे नेमका कात्रीत सापडणारा भाग.

आता तुमची शेवटची ओळ पुन्हा बघा. ‘किल्ली आहे अजून माझ्याकडे, बदललंय फक्त कुलूप.’ यातला शेवटचा शब्द गेला तर पलीकडे काय पोचलं? ‘किल्ली आहे अजून माझ्याकडे, बदललंय फक्त’. आणि शांतता. ती एकोणीस माणसं, ताई, तुमच्या कवितेला नाक मुरडत नव्हती. ती शेवटच्या शब्दाची वाट बघत होती! रेकॉर्डिंग चौथ्यांदा लावा (तीनदा पाहिलंतच, एकदा आणखी) आणि या वेळी डोळे मिटून, आपली कविता पाठ नसलेल्या माणसासारखं ऐका. तुम्हाला शब्द माहीत आहे म्हणून तो तुम्हाला अर्धामुर्धा तरी ऐकू येतो. त्यांना माहीत नव्हता.

मी हे इतक्या खात्रीने बोलते कारण माझी स्वतःची कहाणी याहून वाईट आहे. अशाच एका संध्याकाळी मी अख्खं पहिलं कडवं माइक बंद ठेवून वाचलं. हातवाऱ्यांसकट. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. लोक हात हलवून खुणा करत होते आणि मला वाटलं, काय दाद मिळतेय!

आता बदाम आणि हसण्याची चिन्हं. तुम्ही लिहिता, ‘त्याला चाळीस-पन्नास, मला दोन.’ हा हिशेब तुम्ही मांडलात, कार्यक्रमाने नाही. गुण देणाऱ्या कवितांच्या स्पर्धा असतात आणि त्यांचे नियम उघड असतात. शिकागोत मार्क स्मिथ नावाच्या, बांधकामावर काम केलेल्या कवीने १९८६ मध्ये ग्रीन मिल या क्लबात ‘पोएट्री स्लॅम’ सुरू केला. त्यातून पुढे जे नियम रुळले ते असे: प्रेक्षकांतून पाच परीक्षक, प्रत्येकाचे शून्य ते दहा गुण, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा वगळायचा, कमाल बेरीज तीस. तिथे जाऊन कुणी ‘मला किती पडले’ विचारलं तर ते रास्तच. ओपन माइकचा करार निराळा आहे. ज्याला वाचायचंय त्याने नाव द्यावं, वेळ पाळावी, इतरांचं ऐकावं, बस्स. तिथे निकाल नसतोच, म्हणून तुम्ही बदाम मोजून तो तयार केलात.

आणि बदाम काय मोजतात तेही बघा. हसू टाइप करता येतं. एक बोट, अर्धा सेकंद, काम झालं. विनोदी कवितेत दर चार ओळींनी एक जागा येते, त्यामुळे एकच माणूस पाच वेळा बोट दाबतो. विकलेल्या घराच्या कवितेला काय टाइप करायचं? बदाम टाकावा तर उथळ वाटतो, रडका चेहरा टाकावा तर त्याहून उथळ. ‘सुंदर’ लिहावं तर लाज वाटते, कारण जे ऐकलं ते सुंदर नव्हतं, दुखरं होतं. मी अशा वेळी कित्येकदा काहीतरी टाइप करून खोडून टाकलं आहे. त्या तरुणाची कविता वाईट होती असं मी म्हणत नाही हं. माणसांना खळखळून हसवणं सोपं नाही आणि तुमच्या पाठोपाठ वाचणं तर त्याहून नाही. दोन्ही कविता आपापल्या जागी उभ्या राहू शकतात. मोजायचं माप तेवढं एकच नको.

सव्वीसचे एकोणीस झाले, याचंही फार मनाला लावून घेऊ नका. त्यातले काही जण आपली कविता वाचून निघून गेले असतील. ही ओपन माइकची जुनीच खोड आहे.

आणि इथे माझी दुसरी खूण. जरा बोचेल, पण बोलते. तुमच्याच पत्रात एक वाक्य आहे: ‘आधीच्या आठ जणांनी काय वाचलं ते धड आठवत नाही, मी कॅमेरा बंद करून मनात माझीच कविता म्हणत होते.’ आणि तुमच्यानंतर पाच जण वाचायचे होते. त्यातला एक ऐकलात, उरलेल्या चौघांच्या वेळी तुम्ही नव्हतात. म्हणजे इतर तेरा कवींपैकी बारा जणांसाठी त्या काळ्या, गप्प चौकटींपैकी एक चौकट तुमची होती. तिसऱ्या नंबरवर कुणीतरी पहिल्यांदाच वाचत असेल. त्यानेही संपवल्यावर पडद्यावर नजर फिरवली असेल, तुमच्या काळ्या चौकटीवर ती थांबली असेल आणि ‘यांना आवडली नाही’ असा निष्कर्ष त्याने काढला असेल. तुम्हाला त्याची कविता आवडली नव्हती का? तुम्ही ती ऐकलीच नव्हती. धडधडत होतं, घाबरल्या होतात. तेव्हा पडद्यावरच्या गप्प चौकटीमागे काय काय असू शकतं हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मी तुम्हाला दोष देत नाही. पहिल्या वेळी सगळे असंच करतात. पण तुमच्या मुख्य प्रश्नाचं माझं उत्तर यातूनच निघतं: पुढच्या महिन्यात जा, पण वाचायला नको. नुसतं ऐकायला जा.

कॅमेरा सुरू ठेवा. वही जवळ ठेवा. प्रत्येक कवितेतली एकच ओळ, जी अडकेल ती, उतरवून घ्या आणि कविता संपली की ती जशीच्या तशी चॅटमध्ये लिहा. ‘अप्रतिम’ नको, ‘खूप छान’ नको, बदाम तर नकोच. त्यांचीच ओळ त्यांना परत द्या. कविता ऐकली गेली याचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही, आणि तो द्यायला समीक्षक असावं लागत नाही. दोन-तीन वेळा असं केलंत की बाकीचे तुम्हाला नावाने ओळखू लागतील, आणि तुमची पाळी येईल तेव्हा पलीकडे एकोणीस अनोळखी माणसं नसतील. हे थोडं स्वार्थी वाटेल. असू दे.

दुसरा पर्याय तुम्हीच सुचवलाय, वही वहीतच ठेवायची. त्यात काही कमीपणा आहे असं मला वाटत नाही. नऊ वर्षं जे वहीत सुखाने राहिलं ते आणखी नऊ राहू शकतं, आणि न वाचलेली कविता कमी दर्जाची नसते. पण तो निर्णय एका खाल्लेल्या शब्दावरून घेऊ नका. सहा महिन्यांनी, एक-दोनदा नीट ऐकू जाईल असं वाचून झाल्यावर वाटलं की हे आपलं नाही, तर खुशाल बंद करा.

तिसराही एक आहे, आणि त्याची आठवण फारशी कुणाला होत नाही. तुम्हाला हवं होतं ते कदाचित ओपन माइक देऊच शकत नाही. ‘कविता कशी झालीय’ हे कुणी नीट, शब्द धरून सांगावं अशी इच्छा असेल तर त्यासाठी चार-पाच जणांचा छोटा गट लागतो, जिथे कविता आधी लिहून पाठवतात, सगळे वाचून येतात आणि एका कवितेला अर्धा तास देतात. तीन मिनिटांच्या खिडकीतून तेवढं काही येत नाही. त्या संध्याकाळी आवडलेले दोन कवी निवडा आणि त्यांना विचारून बघा. अर्थात त्यासाठी आधी त्यांचं ऐकायला लागेल, फिरून आपण तिथेच आलो.

पुन्हा वाचाल तेव्हासाठी काही कामाच्या गोष्टी, इतर वाचकांनाही उपयोगी पडतील अशा. सॉफ्टवेअरच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये गोंगाट गाळण्याची पातळी कमी करता येते. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ नावाची सोयही आहे, मूळची संगीतवाल्यांसाठी, पण हळू वाचणाऱ्यांना ती वरदान आहे. ती सुरू केली की पंखा मात्र बंद करावा लागतो, कारण आता तोही पलीकडे पोचणार. वायरचा साधा इअरफोन वापरा. बिनतारी इअरफोन उशिरात आणखी भर घालतात आणि त्यांचा माइक सुरू झाला की बरेचदा आवाजाचा दर्जा उतरतो. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला असू द्या, थेट समोर असेल तर प, फ, ब, भ यांचा वारा त्याच्यावर आदळून फट्‌ फट्‌ आवाज येतो. वही मांडीवर धरलीत तर मान खाली जाते आणि आवाजही. कागद कॅमेऱ्याच्या शेजारी चिकटवा. स्वतःचं चित्र स्वतःपुरतं लपवता येतं, ते लपवा. समोर आरसा ठेवून कुणी कविता वाचत नाही. आणि आदल्या दिवशी एकटीनेच बैठक सुरू करून कविता रेकॉर्ड करा, मग ऐका. शेवटची ओळ दोनदा ऐका.

वाचताना सुरुवातीला कवितेचं नाव सांगा आणि थांबा. ही कविता कशी सुचली याची गोष्ट सांगू नका. तुम्ही ती सांगितलीत, पत्रातच लिहिलंय, ‘घराबद्दल थोडं बोलले’, म्हणजे कवितेचा अर्धा धक्का तिथेच खर्च झाला. आणि संपल्यावर मान वर करा, कॅमेऱ्याकडे बघा आणि ‘धन्यवाद’ म्हणा. सभागृहात हे करावं लागत नाही, तुमचे खांदे उतरतात त्यावरून लोकांना कळतं. पडद्यावर खांदे दिसत नाहीत.

कार्यक्रम चालवणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांनाही एक विनंती. दर कवितेनंतर दहा सेकंद सगळ्यांचे माइक उघडा. गडबड होईल, कुणाचा तरी कुकर वाजेल, होऊ दे. चौदा कवींना मिळून १४० सेकंद, अडीच मिनिटंही नाहीत. नसतील परवडत तर एक कवी कमी घ्या.

रेकॉर्डिंगचं वेगळं बोलू, कारण त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही आणि विचारायला हवं होतं. तुमची परवानगी घेतली होती का? नाव देताना कुठेतरी बारीक अक्षरांत ‘कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित होईल’ असेलही. पण मुद्रण करणं आणि ते साऱ्या जगाला खुलं करणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कविता तुमची आहे. आयोजकांना साधा, न रागावता निरोप पाठवा: ‘माझा भाग काढावा, ही विनंती.’ कारण द्यायची गरज नाही. भावाचं नाव कवितेत नसलं तरी घर कुणाचं ते नात्यातल्या माणसांना ओळखू येईल, हे एक. आणि दुसरं व्यवहाराचं. अनेक नियतकालिकं आणि स्पर्धा ‘पूर्वप्रकाशित नसावी’ अशी अट घालतात, आणि सर्वांना दिसणारं रेकॉर्डिंग त्यातले काही जण प्रकाशन धरतात. पुढे ही कविता कुठे पाठवायची झाली तर हा अडथळा उगाच नको.

आता ताजा कलम. तुम्ही तो शेवटी, दोन ओळींत, शाई बदलून लिहिलाय. मला वाटतं, पत्र तिथून सुरू होतं.

अठरा माणसांच्या गप्प बसण्याने तुम्ही तीन रात्री झोपला नाहीत, हे मला पटत नाही. एकाच्या गप्प बसण्याने झोपला नाहीत. ‘आयफोन’ नावाची ती चौकट भावाची होती की नाही, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही आणि मलाही नाही. स्वतःचं नाव न लिहिता आलेल्या माणसाचं बहुतेक वेळा फोनचंच नाव पडद्यावर दिसतं; अशी एखादी चौकट जवळपास प्रत्येक कार्यक्रमात असते. तो कुणाचा तरी शेजारी असेल, चुकून आलेला कुणी असेल, नवव्या कवितेनंतर ज्याची बॅटरी संपली असा कुणीही असेल. किंवा तो असेल. आणि तो असेल, तर त्यानेही ‘बदललंय फक्त’ इथपर्यंतच ऐकलं.

तुम्ही त्याला शब्दाविना लिंक पाठवलीत. म्हणजे तो आला तर आला, नाही आला तर तुम्ही बोलावलंच नव्हतं. मला हे समजतं. दोन वर्षांच्या अबोल्यानंतर माणूस असाच तिरका हात पुढे करतो. पण मग सव्वीस जणांच्या खोलीत, तीन मिनिटांत, एका कवितेवर तुम्ही केवढं ओझं टाकलंत बघा. तिने कविता व्हायचं, पत्र व्हायचं, माफी व्हायचं आणि तक्रारही व्हायचं. तिच्या जागी मी असते तर मीही शेवटच्या शब्दाला आवाज गमावला असता.

त्याच्याशी बोलावं का, हे मी सांगणार नाही. घर कुणी विकलं, कुणाची सही आधी झाली, कोण काय बोललं, यातलं तुम्ही मला काही कळू दिलेलं नाही, आणि ते योग्यच आहे. एवढंच सुचवते की हे दोन धागे वेगळे करा. त्याला काही सांगायचं असेल तर फोन करा, नाहीतर एक ओळ लिहा: ‘लिंक पाठवली होती, आला होतास का?’ याचं उत्तर हो किंवा नाही असं येऊ शकतं, कदाचित येणारही नाही, पण ते त्याच्याकडून येईल, काळ्या चौकटीवरून तुम्ही ओढून काढलेलं नसेल. आणि कविता सोडा त्यातून. रेकॉर्डिंग काढायला सांगण्याआधी त्याला हे विचारायचं की नंतर, ते तुम्ही ठरवा. मी असते तर आधी विचारलं असतं.

तुमची शेवटची ओळ मी काल घरात मोठ्याने वाचून बघितली. ‘कुलूप’ म्हणताना शेवटी ओठ मिटतात, त्यामुळे आवाज तिथे आपसूकच पडतो. ‘लू’ थोडा लांबवा, आणि ‘प’नंतर ओठ लगेच उघडा.